चांदीच्या नाण्यावरचा ‘शोध’ आणि माझं चुकलेलं प्रकरण

मागच्या वर्षी माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा मसुदा गाईड मॅडमकडून परत आला. अठ्ठावीस पानं होती. त्यावर लाल पेन नव्हतं, पेन्सिलीने समासात एकच ओळ लिहिलेली होती: “हे नाणं गोव्यात कुणाच्या खिशात होतं?”

पनवेल लोकलमध्ये बसून मी ती ओळ वाचली. वडाळा येईपर्यंत राग येत होता, वाशीचा पूल ओलांडताना शंका यायला लागली आणि खांदेश्वरला लक्षात आलं की प्रकरण गेलं. तीन महिन्यांचं काम होतं ते.

पेट झालेल्या आणि आता सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या बऱ्याच जणांचा प्रश्न असतो, “प्राथमिक साधन कसं वाचायचं?” आज उत्तर म्हणून ते एक नाणं, माझी त्याच्यावरची चूक आणि त्यातून निघालेली काही मतं मांडते. विषय स्मारक नाण्यांचा आहे, म्हणजे समुद्रावरच्या मोठ्या सफरींच्या आठवणीत पाडलेल्या नाण्यांचा. तुमचा विषय शेती असो, सिनेमा असो की स्त्रियांची आत्मचरित्रं, ही चूक तिथेही तशीच होते. म्हणून वाचा.

आधी नाणं बघा

पोर्तुगालने १८९८ साली चांदीची तीन नाणी काढली: २००, ५०० आणि १००० रेइश. निमित्त होतं वास्को द गामा हिंदुस्थानात पोचल्याला चारशे वर्षं झाल्याचं. मी मुंबईतल्या एका नाणे प्रदर्शनात ५०० रेइशचं घेतलं. झिजलेलं होतं म्हणून परवडलं.

एका बाजूला राजा कार्लुश आणि राणी आमेलिया यांचे एकामागे एक असे चेहरे आहेत. दुसऱ्या बाजूला मोठा क्रूस, ख्रिस्ताच्या संघाचा. हाच क्रूस पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर असायचा. सोबत १४९८ आणि १८९८ ही सालं आणि हिंदुस्थानच्या ‘शोधा’ची चौथी शताब्दी असल्याचा मजकूर.

आता थांबा आणि एक व्यायाम करा. नाण्यावर काय आहे ते लिहून झालं की काय *नाही* ते लिहा. या नाण्यावर जहाज नाही, समुद्र नाही, कालिकत नाही आणि ज्याच्या सफरीचा उत्सव चाललाय तो वास्को द गामासुद्धा नाही. सफरीच्या नाण्यावर सफर सोडून बाकी सगळं आहे. राजघराणं आहे, धर्मचिन्ह आहे आणि ‘शोध’ हा शब्द आहे.

माझ्या पहिल्या मसुद्यात मी हे सगळं बऱ्यापैकी टिपलं होतं. त्यावर मॅडमची हरकत नव्हती. गडबड पुढे झाली.

१८९८ सालीच का?

“चारशे वर्षं झाली म्हणून” हे उत्तर अपुरं आहे. वर्षं तर आपोआपच भरतात. उत्सव करायचा की नाही, कितीचा करायचा आणि त्यावर चांदी खर्च करायची का, हे माणसं ठरवतात. कुठल्याही स्मारक नाण्यावर दोन सालं असतात. पहिलं साल घटनेचं, दुसरं नाणं पाडल्याचं. नवशिक्या माणसाचं लक्ष पहिल्या सालाकडे जातं. पुरावा मात्र दुसऱ्या सालाचा असतो. हे नाणं १४९८ बद्दल आपल्याला काहीही सांगत नाही. ते १८९८ बद्दल भरपूर सांगतं.

त्या दशकात पोर्तुगालची अवस्था काय होती? आफ्रिकेत अंगोलापासून मोझांबिकपर्यंत सलग पट्टा आपला असावा असं त्यांचं स्वप्न होतं. जानेवारी १८९० मध्ये ब्रिटनने निर्वाणीचा खलिता पाठवला आणि पोर्तुगालला माघार घ्यावी लागली. १८९१ मध्ये पोर्तो शहरात प्रजासत्ताकवाद्यांचा उठाव झाला. १८९२ मध्ये देशाला कर्जाची पूर्ण परतफेड करणं जमेना. अशा घरात चारशे वर्षांपूर्वीच्या पराक्रमाची मिरवणूक निघते तेव्हा ती कुणासाठी निघते हे सांगायला नको. घर पडायला आलं की पणजोबांची तसबीर पुसून दर्शनी भिंतीवर लावतात, तसंच हे. नाण्यावर खलाशाऐवजी राजा-राणी का, याचंही उत्तर इथेच मिळतं. पुढे १९०८ मध्ये याच कार्लुशचा खून झाला आणि १९१० मध्ये राजेशाहीच गेली.

इथपर्यंत माझा युक्तिवाद ठीक होता. मग मी एक वाक्य लिहिलं. आजही ते वाचताना कानशिलं तापतात: “या नाण्याद्वारे साम्राज्याने आपला विजयी इतिहास गोव्यातील सामान्य जनतेच्या हातात पोहोचवला.”

एक तोळ्याचा धडा

हे वाक्य मी हवेतून आणलं नव्हतं, हीच तर गंमत आहे. गोव्याच्या त्या काळातल्या कागदपत्रांत मी ‘रेइश’ हा शब्द कितीदा तरी वाचला होता. नाणं रेइशचं, गोव्यात हिशेब रेइशमध्ये, म्हणजे नाणं गोव्यात चालत असणार. इतकी साधी साखळी. त्यातली मधली कडी मी तपासलीच नाही.

मॅडमच्या ओळीनंतर तपासली. १८७८ मध्ये ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला आणि त्यानंतर पोर्तुगीज हिंदुस्थानसाठी चांदीचा रुपया ब्रिटिश रुपयाच्या वजनाचा आणि कसाचा ठरला. १८८१ आणि १८८२ सालचे हे रुपये चक्क कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडले गेले. त्यांच्यावर राजा लुईशचा चेहरा आहे. एका रुपयाचे १६ टांगे, एका टांग्याचे ६० रेइश, म्हणजे रुपयाचे ९६० रेइश. करार १८९२ मध्ये संपला. कार्लुशच्या चेहऱ्याचा गोव्याचा रुपया यायला १९०३ उजाडावं लागलं.

तरीही माझं मन मानेना. शेवटी एका संग्राहक काकांकडून १८८१ चा तो रुपया दोन दिवसांसाठी मागून आणला आणि पनवेलच्या बाजारपेठेतल्या आमच्या ओळखीच्या सराफाकडे गेले. म्हटलं, दोन्ही वजन करून द्या. रुपया ठेवल्यावर काट्याकडे न बघताच ते म्हणाले, “हा तोळा आहे.” बरोबर होतं. जुना रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. मग माझं ५०० रेइशचं नाणं ठेवलं. मूळ वजन साडेबारा ग्रॅम, झिजून थोडं कमी भरलं, तरी तोळ्याच्या वरच.

“याच्यावर किती लिहिलंय?” त्यांनी विचारलं.

“पाचशे.”

“आणि हा रुपया?”

“नऊशे साठचा.”

“मग पाचशेचं नाणं नऊशे साठपेक्षा जड कसं, ताई? हे दोन वेगळे पैसे आहेत.”

अठ्ठावीस पानांत मला जे दिसलं नाही ते त्यांना अर्ध्या मिनिटात दिसलं. दोन्ही नाण्यांच्या चांदीचा कस जवळपास एकच आहे, त्यामुळे हिशेब सरळ होता. लिस्बनचा रेइश गोव्याच्या रेइशच्या दुप्पट चांदीचा होता. नाव तेच, पैसा वेगळा. शताब्दीचं नाणं पोर्तुगालच्या चलनाचं होतं, गोव्याच्या नाही. एखादं कुणा अधिकाऱ्याच्या ट्रंकेतून आलंही असेल, पण म्हापशाच्या बाजारात मासे घ्यायला ते चालणारं नव्हतं. १८९८ मध्ये तिथे जो पोर्तुगीज रुपया हातात होता त्यावर लुईशचा चेहरा होता आणि लुईश वारून तेव्हा नऊ वर्षं झाली होती!

म्हणजे साम्राज्याचा विजयी इतिहास गोव्यातल्या खिशात पोचलाच नव्हता. खिशात होता एक मेलेला राजा, ब्रिटिश मापाचा, कलकत्त्यात पाडलेला.

लक्षात घ्या, ही चूक दुरुस्त केल्यावर माझं प्रकरण दुबळं झालं नाही. उलट आता कुठे त्याला विषय मिळाला. शताब्दीचा गाजावाजा गोव्यात आलाच नाही असंही नाही. तो टपालाच्या तिकिटांवरून आला. त्याच वर्षी गामाच्या स्मरणार्थ निघालेली तिकिटं पोर्तुगालसोबतच वसाहतींसाठीही छापली गेली आणि पोर्तुगीज हिंदुस्थानसाठीच्या संचावर दीड रेइशपासून आठ टांग्यांपर्यंत स्थानिक किमती होत्या. त्या तिकिटांवर जहाजं आहेत, कालिकतला पोचण्याचा प्रसंग आहे, खुद्द गामा आहे. मायदेशातल्या नाण्यावर राजा आणि क्रूस, वसाहतीतल्या तिकिटावर जहाज आणि वीर. कोणती गोष्ट कुणाला दाखवायची हे माध्यमागणिक बदलतं, असं आता मला म्हणता येतं. पहिल्या मसुद्यात मी हे म्हणूच शकले नसते, कारण माझ्या डोक्यात ‘साम्राज्य’ नावाचा एकच कर्णा होता आणि तो सगळीकडे सारखाच वाजत होता.

ज्यांनी समुद्रावर जायला नकार दिला

आता त्या नाण्याच्या दुसऱ्या मौनाकडे येऊ. मराठी वाचक म्हणून ते आपल्या जवळचं आहे.

शताब्दीच्या तीनच वर्षं आधी, १८९५ मध्ये, गोव्यातल्या पोर्तुगीज फौजेतल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जाण्याचा हुकूम झाला. तिथला उठाव मोडायला माणसं हवी होती. शिपायांनी जायला नकार दिला आणि बंड केलं. सत्तरीचे राणे त्यांना येऊन मिळाले. बंडाची धग इतकी होती की खुद्द राजाचा भाऊ, राजपुत्र अफोन्सु, फौज घेऊन लिस्बनहून गोव्यात आला.

आता ही दोन चित्रं शेजारी ठेवा. १८९८ मध्ये लिस्बन एका समुद्रप्रवासाचा उत्सव चांदीत पाडतंय. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पश्चिम हिंदुस्थानकडे येणारा तो रस्ता. १८९५ मध्ये त्याच समुद्रावरून उलट्या दिशेने, आफ्रिकेकडे, जायला सत्तरीच्या आसपासची माणसं ठाम नकार देतायत आणि त्यासाठी बंदूक हातात घेतायत. पहिल्या प्रवासाचं नाणं निघालं. दुसऱ्या, न झालेल्या प्रवासाचं कोण काढणार?

बंडाला घाबरून नाणं काढलं असं मी म्हणत नाहीये. असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही आणि तुम्हीही अशी उडी मारू नका. दोन घटना जवळजवळ घडल्या म्हणून एक दुसऱ्यामुळे घडली असं होत नाही. मी एवढंच म्हणते की ‘समुद्रसफर’ या एकाच शब्दाचे त्या दशकात दोन अर्थ होते. एक उत्सवाचा, एक हुकमाचा. नाणं फक्त पहिला अर्थ जपतं. टीका करायची तर इथे करायची.

‘शोध’ या शब्दाचं काय करायचं?

मराठीत आपल्याकडे एक सोय आहे. ‘शोध लागणं’ आणि ‘शोध घेणं’ यांत आपण फरक करतो. हरवलेल्या शेळीचा शोध घेतात, गुरुत्वाकर्षणाचा शोध लागतो. शाळेच्या पुस्तकात आपण वाचलं की गामाने हिंदुस्थानकडे येणारा सागरी *मार्ग* शोधला. नाणं मात्र म्हणतं, *हिंदुस्थान* शोधला. मार्गाबद्दल काही बोलता येईल. युरोपातून आफ्रिकेला वळसा घालून कालिकतपर्यंतची ती सलग सफर मोठीच होती. ८ जुलै १४९७ ला निघालेली माणसं २० मे १४९८ ला कालिकतजवळ पोचली. खलाश्यांचं धाडस नाकारण्यात काही शहाणपण नाही.

पण देशाचा शोध? त्या सफरीचं जे रोजनिशीवजा वर्णन टिकून आहे त्यातच याचं उत्तर आहे. किनाऱ्यावर पहिल्यांदा उतरवलेला माणूस शिक्षा झालेला कैदी होता. त्याला गावात नेलं तेव्हा ट्युनिसचे दोन मुसलमान भेटले. त्यांनी त्याला कॅस्टिलच्या, म्हणजे स्पेनच्या, भाषेतच विचारलं की इथे मरायला कशाला आलात! म्हणजे ‘नव्याने सापडलेल्या’ किनाऱ्यावर शोधणाऱ्याची शेजारभाषा बोलणारी माणसं आधीच नांदत होती. पुढे सामुद्रीला देण्यासाठी गामाने काढलेल्या भेटवस्तू, म्हणजे कापड, टोप्या, हात धुण्याची भांडी, साखर, तेल, मध, पाहून दरबारी लोक हसले. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून जास्त आणतो, असं त्यांचं म्हणणं. त्या शेवटच्या टप्प्यात, आफ्रिकेच्या मालिंदीपासून कालिकतपर्यंत, जहाजाला वाट दाखवणारा वाटाड्या स्थानिक समुद्राचा जाणकार होता. तो प्रसिद्ध अरब नावाडी इब्न माजिदच होता ही कथा खूप वर्षं चालली, पण अभ्यासकांनी ती नाकारली आहे. कथेतल्या नावावर भुलू नका. महत्त्वाचं हे की वाटाड्या होता आणि त्याचा चेहरा कुठल्याच नाण्यावर नाही.

याहून जवळचं उदाहरण हवं? पनवेलहून एसटी पकडा आणि रेवदंड्याला जा. तिथे अफनासी निकितिन या रशियन प्रवाशाचं स्मारक आहे. तो होर्मुझहून घोडा घेऊन अरबी समुद्र ओलांडून चौलला उतरला आणि पुढे जुन्नर, बिदरकडे गेला. साल साधारण १४६९. गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी! तो कुठल्या राजाच्या आरमारासोबत आला नव्हता. माल घेऊन जाणाऱ्या साध्या व्यापारी जहाजावर भाडं भरून आला होता. ज्या समुद्रावर भाड्याने जागा मिळते त्याचा ‘शोध’ लावायचा म्हणजे काय, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

इतिहासकारांत यावर जुना वाद आहे. के. एम. पणिक्करांनी १९५३ च्या ग्रंथात गामाच्या आगमनापासून आशियावरच्या युरोपीय वर्चस्वाचं एक संपूर्ण युग मोजलं. संजय सुब्रह्मण्यम यांनी १९९७ च्या पुस्तकात गामा हा माणूस आणि गामा ही दंतकथा वेगळी करून दाखवली. सिनॉप्सिसमध्ये दोन्ही नावं एकाच वाक्यात टाकून मोकळे होऊ नका. पहिला गामाला मोठं धरून त्याच्यावर टीका करतो. दुसरा विचारतो, त्याला एवढं मोठं केलं कुणी? स्मारक नाणं हे दुसऱ्या प्रश्नाचं साधन आहे.

बाहेरची दोन नाणी, थोडक्यात

अमेरिकेचं पहिलं स्मारक नाणं १८९२ चं, कोलंबसचा अर्धा डॉलर. एका बाजूला कोलंबसचा चेहरा, दुसऱ्या बाजूला त्याचं जहाज. पण कोलंबस हयात असताना समोर बसून काढलेलं त्याचं एकही खात्रीचं चित्र उपलब्ध नाही. म्हणजे लाखो नाण्यांवर एक कल्पित माणूस पाडला गेला आणि तोच पुढे खरा ठरला.

दुसरं १९२८ चं, हवाईत कॅप्टन कुक पोचल्याच्या दीडशे वर्षांनिमित्तचं. त्यावर कुकला हवाईचा ‘शोधक’ म्हटलंय. आणि मागच्या बाजूला? हवाईचा एक स्थानिक सरदार उभा आहे! ज्याचा ‘शोध’ लागला तोच नाणं पलटलं की समोर येतो. नक्षीकाराच्या मनात काय होतं ते असो, नाणं स्वतःच्याच मजकुराला उत्तर देतं. अशा जागा शोधत चला. टीकेला खरं खाद्य तिथे मिळतं.

आता आपल्या नाण्यांकडे

इथपर्यंत वाचून तुम्हाला बरं वाटलं असेल. परक्यांच्या नाण्यांवर टीका करणं सोपं असतं. माझ्या मसुद्याची दुसरी खोड हीच होती: पोर्तुगीज नाण्याला वीस प्रश्न, आपल्याला एकही नाही.

सातवाहनांचं जहाजाचं नाणं घ्या. शिशाचं, दोन डोलकाठ्यांचं जहाज असलेलं. महाराष्ट्राच्या सागरी परंपरेवरच्या भाषणात आणि व्हॉट्सॲपवर ते हमखास येतं, कोकणच्या बंदरांचा पुरावा म्हणून. चौल, कल्याण, सोपारा ही बंदरं त्या काळी होतीच, त्याला इतर पुरावे आहेत. पण ही जहाजाची नाणी सापडतात ती पूर्व किनाऱ्याकडे, आंध्र-तमिळनाडूच्या बाजूला. त्यावरचं नाव वासिष्ठीपुत्र पुळुमावीचं की यज्ञश्री सातकर्णीचं, यावरही अभ्यासकांत मतभेद होते, कारण अक्षरं अर्धवट उमटलेली. शिवाय ती स्मारक नाणी नव्हेत, रोजच्या व्यवहाराची आहेत. सापडण्याची जागा न विचारता नाणं वापरायचं म्हणजे माझीच चूक पुन्हा करायची. फक्त या वेळी अभिमानाने.

स्वतंत्र भारताने स्मारक नाणी काढायला १९६४ पासून सुरुवात केली, पहिली नेहरूंची. तेव्हापासून बहुतेक नाणी व्यक्तींची, संस्थांची, परिषदांची आहेत. समुद्रप्रवासाची फार थोडी. त्यातलं २०१४ चं कोमागाता मारूचं नाणं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ५ आणि १०० रुपयांचं. १९१४ मध्ये या जहाजातून ३७६ प्रवासी कॅनडाच्या व्हँकुव्हरला पोचले. बहुतेकांना उतरूच दिलं नाही, दोन महिने बंदरात ताटकळत ठेवलं आणि परत पाठवलं. २९ सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबजला पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. ‘शोधा’च्या सगळ्या नाण्यांत पोचणाऱ्याचा विजय असतो. या नाण्यामागे पोचूनही परत पाठवलेल्यांची आठवण आहे. १८९५ च्या गोव्यातल्या शिपायांना शेजार मिळालाच तर याच नाण्याचा मिळेल.

आणि अगदी अलीकडचं: २७ जुलै २०२५ ला गंगैकोंड चोळपुरम इथे पंतप्रधानांच्या हस्ते राजेंद्र चोळाच्या स्मरणार्थ नाणं प्रसिद्ध झालं. निमित्त होतं आग्नेय आशियातल्या त्याच्या सागरी मोहिमेच्या हजार वर्षांचं. इथे आपली परीक्षा आहे. १०२५ च्या त्या मोहिमेची मोठी माहिती मिळते ती तंजावरच्या शिलालेखातून, म्हणजे जिंकणाऱ्याच्या लेखातून. त्यात एकामागून एक ठिकाणं जिंकल्याची यादी आहे. त्यातलं कडारम म्हणजे आजच्या मलेशियातलं केडा. लिस्बनच्या नाण्याला आपण विचारलं की ज्याच्या किनाऱ्यावर जहाजं आली त्याची बाजू कुठे आहे? मग केडातल्या एखाद्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने हाच प्रश्न आपल्याला विचारला तर तो रास्तच म्हणायला हवा. राजेंद्राच्या आरमाराचा आवाका मोठा होता हे मान्य करूनही हा प्रश्न विचारता येतो. गामाच्या खलाश्यांचं धाडस मान्य करूनही तो विचारता आला होताच की.

माझं मत स्पष्ट आहे. फक्त दुसऱ्याच्या नाण्याला प्रश्न विचारणारं संशोधन हे संशोधन नाही, ते घरच्या मंडळींनी घरच्यांसाठी केलेलं भाषण आहे. परीक्षक ते ओळखतात. आज ना उद्या वाचकही ओळखतात.

तुमच्या कामासाठी

मी आता कुठलंही स्मारक साधन हातात घेतलं की, नाणं, तिकीट, पुतळा, चौकाचं नाव, काहीही असो, हे पाच प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहिते.

१. दोन सालांपैकी मी कोणत्या सालाबद्दल विधान करतेय?

२. साधनावर काय नाही?

३. ते कुणाच्या हातात पोचलं आणि कशावरून?

४. शब्द ओळखीचा आहे म्हणून मी त्याचा अर्थ गृहीत धरलाय का?

५. हाच प्रश्न मी माझ्या आवडत्या उदाहरणाला विचारलाय का?

तिसऱ्या प्रश्नाबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. भारताचं कुठलंही स्मारक नाणं अभ्यासणार असाल तर सुरुवात विक्रेत्याच्या यादीपासून करू नका, राजपत्रापासून करा. नाणे कायदा, २०११ खाली निघणाऱ्या अधिसूचनेत नाण्याची किंमत, धातू, व्यास आणि दोन्ही बाजूंचं वर्णन असतं. आणि लक्षात ठेवा, आपली शंभर किंवा हजार रुपयांची स्मारक नाणी बाजारात फिरत नाहीत. ती टांकसाळीकडून संग्राहकांना विकली जातात. उद्या कुणी “या नाण्याने हा इतिहास घराघरात पोचवला” असं लिहिलं तर समासात काय लिहायचं ते तुम्हाला आता माहीत आहे. एखाद्या शनिवारी फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालयही बघून या. जाण्याआधी ते उघडं आहे ना, ते विचारून घ्या. आणि जमलं तर कुठलं तरी जुनं नाणं एकदा स्वतः वजन करा. फोटोत वजन दिसत नाही.

माझं तिसरं प्रकरण मी नव्याने लिहिलं. आता ते एकोणीस पानांचं आहे. त्यात नाण्यापेक्षा तिकिटं जास्त आहेत, १८९५ चे शिपाई आहेत आणि सराफाचा काटासुद्धा एका तळटीपेत आहे. गेल्या महिन्यात ते मॅडमना दिलं. समासात या वेळी दोन प्रश्न होते. पहिला, टपालाची तिकिटं तरी गोव्यात किती लोक विकत घेत होते? दुसरा, लिहिता-वाचता येणारे किती होते?

त्यामुळे पुढचे काही आठवडे मी जनगणनेच्या आकड्यांत असेन. काही हाती लागलं तर इथेच लिहीन. तोवर तुमच्या सिनॉप्सिसमधलं सगळ्यांत आवडतं वाक्य घ्या आणि त्याच्या समासात पेन्सिलीने लिहून बघा: “कुणाच्या खिशात?”